लाल डोक्याची खुंटी

चावडीत साहेबाला खुर्ची दिली. मला पायरी दाखवली. पाटील पानाला चुना लावत हसत हसत बोलला,

"सायेबाला सांग, पाण्याचं काम हाय म्हणून म्हाराचं पोर पायरीपतुर येऊ दिलंय. एरवी दारात बी उभं केलं नसतं."

साहेबानं माझ्याकडं बघितलं. काय म्हणतायत, असं इंग्रजीत विचारलं.

मी इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, तुम्ही आमच्या गावात आलात, आम्हाला आनंद झाला."

साहेबानं हात जोडले. पाटलानंही जोडले. चावडीत बसलेली माणसं उपरण्यात तोंड लपवून हसली. मीही हसलो. का हसलो ते आजही सांगता येत नाही. तोंड आपोआप तसं झालं.

मग चहा आला. साहेबाला फुलाफुलांची कपबशी. मला बाहेरच्या भिंतीतल्या दिवळीतला कान तुटलेला कप. तो आपणच काढायचा, आपणच धुवायचा, आपणच परत ठेवायचा. चहा ओतणाऱ्यानं किटली इतकी उंच धरली की निम्मा चहा माझ्या मनगटावर पडला. मी कप खाली ठेवला. साहेबानं विचारलं, घेत का नाहीस? मी म्हणालो, मला चहा आवडत नाही.

त्यानं ते लक्षात ठेवलं. पुढं दोन महिने जिथं जिथं चहा आला, तिथं तो आपणहून सांगायचा, याला नको, याला आवडत नाही. माणूस चांगला होता.

मला चहा फार आवडतो.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या. एका परदेशी संस्थेनं गावोगाव बोर मारून हातपंप बसवायचं काम काढलं होतं. त्या कामाचा साहेब म्हणजे पीटर. तिशीतला, उन्हानं सोललेल्या नाकाचा, थंड देशातला माणूस. मी त्याचा दुभाषा. बाप सोलापुरात गिरणीत झाडू मारायचा. मी कॉलेजात दोन वर्षं काढली होती आणि इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचून वाचून जीभ तयार केली होती. नोकरी मिळाली तेव्हा बापानं गल्लीत सांगितलं, पोरगं जीपमधनं फिरतंय.

पीटरला वाटायचं, काम अडलं तर दगडावर अडेल. अडायचं माणसांवर. बोरिंगच्या गाडीचा सुटा भाग मुंबईला येऊन पडायचा आणि एका सहीसाठी तिथंच राहायचा. डिझेलची चिठ्ठी कचेरीत मिळायची, पण साहेब दौऱ्यावर. गावात जावं तर आज अमावास्या, आज खणायचं नाही. पीटरचं यंत्र एक जागा दाखवायचं आणि गावचा पाणाड्या हातावर नारळ उभा करून दुसरीच. सगळे त्याला "व्हय व्हय" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी कुणी यायचं नाही. पोट तर त्याचं कायम बिघडलेलं. तो चिडून काहीबाही बोलायचा. मी ते मराठीत गोड करून सांगायचो. लोक काहीबाही बोलायचे. मी ते इंग्रजीत गोड करायचो. प्रकल्प डिझेलवर चालत होता तितकाच माझ्या या गोडव्यावर चालत होता.

आणि तोच मी शनिवार-रविवारी सोलापुरात जातीच्या जाचाविरुद्ध पत्रकं लिहायचो. नवी पेठेच्या मागं एका मित्राची खोली होती. तिथं आम्ही चारपाच जण स्टेन्सिल कापून पत्रकं काढायचो, हाताला शाई लागेपर्यंत. एका पत्रकाचं शेवटचं वाक्य माझं होतं. "भिऊ नका." ते वाक्य मित्रांना फार आवडलं होतं.

जेऊर स्टेशनपासून चार कोसांवरचं, त्या चावडीचं गाव मला नवं नव्हतं. माझी आक्का तिथं दिली होती. बुद्धवाड्यात, ओढ्याच्या अंगाला, तिचं छप्पर. आक्का आणि दाजी दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायचे. काम सुटलं की आक्का घागर घेऊन गावच्या विहिरीवर जायची. विहिरीला हात लावायचा नाही. लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो वरून घागरीत ओतणार. कधी तास जायचा, कधी दोन.

पीटरची जागा ठरवायची पद्धत अशी. जमिनीत चार खुंट्या ठोकायच्या, त्यांना वायरी जोडायच्या, पेटीवरचा काटा बघायचा, आकडे वहीत लिहायचे. चावडीतल्या भेटीनंतर दीडेक महिन्यानं त्या गावात आम्ही दोन दिवस वायरी ओढल्या. देवळामागं काटा मेल्यासारखा पडून राहिला. बुद्धवाड्यात, वाळलेल्या बाभळीपासून चौदा पावलांवर, पीटर पेटीवर वाकला आणि हसला. इथं आहे, म्हणाला. मी टेपचं एक टोक बाभळीला धरलं, दुसरं त्यानं. तसंच पडक्या भिंतीच्या कोपऱ्यापासून मोजलं. दोन्ही अंतरं वहीत लिहिली. मग मी तिथं लोखंडी खुंटी ठोकली. तिचं डोकं लाल रंगवलेलं. आमची खूण तीच. बोरिंगची गाडी आली की लाल डोकं बघायचं आणि तिथंच लागायचं.

संध्याकाळी आक्का कामावरनं आली. खुंटी बघितली. दुसऱ्या दिवशी कामावरनं येताना तिनं ओच्यातनं चार दगड आणले आणि खुंटीभोवती ठेवले. शेरडांचा पाय लागायला नको म्हणून. मग बाकीच्या बायकांनीही आणले. दिवसभर दगड फोडायचे आणि येताना दगडच घेऊन यायचे. दोन दिवसांत खुंटीभोवती गुडघाभर गोल कडं झालं.

तिसऱ्या दिवशी पीटर सुट्या भागासाठी कुर्डुवाडीला गेला. तो भाग रेल्वेनं यायचा होता. मला म्हणाला, तू इथंच थांब, लोकांशी बोल, संबंध चांगले ठेव.

जीप गेली. धुरळा खाली बसायच्या आत बोलावणं आलं.

पाटील खळ्यात बाजेवर बसून सुपारी कातरत होता. आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"खुंटी लांब पडली रं," तो म्हणाला. "देवळामागं घ्यायला पायजे."

मी म्हणालो, यंत्रानं जागा दाखवलीय. साहेबानं ठरवलीय.

"यंत्र काय बोलतंय व्हय? बोलतूस तू." त्यानं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "तुजी भन हितंच नांदती न्हवं?"

मी मान हलवली.

"गुणाची हाय. रोज रानातनं एकटीच येती. जीप काय रोज येत न्हाय."

एवढंच. पुन्हा अडकित्त्याचा आवाज. कट. कट.

भीती पोटात असते असं म्हणतात. माझी गुडघ्यात होती. खळ्यातनं बाहेर पडून ओढ्याकडं गेलो. बुद्धवाडा रिकामा होता, सगळे खडीवर गेलेले. मी कड्यातले दगड न हलवता वाकून आत हात घातला. खुंटी सहज निघाली नाही. मी दोन्ही हातांनी तिला मागंपुढं हलवलं, दात उपटतात तसं. उपटताना सारखा मागं बघत होतो. मग शर्टाखाली घेऊन चालत सुटलो. पावलं मोजली. मोजायची गरज नव्हती. पण मोजत राहिलो की दुसरं काही मनात येत नाही. तीनशे बारा.

देवळामागं माणसं आधीच उभी होती. मी उकिडवा बसून खुंटी ठोकली. हातोडा खाली ठेवतो न ठेवतो तोच पाटलाच्या घरची बाई ताट घेऊन आली. हळदकुंकू, नारळ, उदबत्ती. मी अजून तिथंच बसलेलो.

"सरक लांब," पाटील म्हणाला. "आता शिवू नगंस तिला."

मी सरकलो. मग एकानं तांब्या आणला. भरलेला. तो सगळा खुंटीवर ओतला. माझा हात लागला होता म्हणून. आक्का ज्या पाण्यासाठी दोन दोन तास लांब उभी राहते, ते पाणी माझ्या हाताचा विटाळ धुवायला जमिनीत गेलं. जमिनीनं ते क्षणात पिऊन टाकलं. मग हळद लागली, कुंकू लागलं, नारळ फुटला. लाल डोकं आणखी लाल झालं.

चोरी करायला माझा हात चालला. पूजेला नाही.

हे वाक्य मला तेव्हा सुचलं नाही.

संध्याकाळी आक्कानं विचारलं, खुंटी कुटं गेली? मी सांगितलं, साहेबानं परत मोजलं, पाणी देवळामागं आहे. ती रिकाम्या कड्याकडं बघत बसली. मग म्हणाली,

"पाण्याला बी जात कळती म्हण की."

आणि उठून चुलीकडं गेली. कडं मोडलं नाही तिनं. दगड तसेच राहिले.

पीटर आला. मी म्हणालो, सगळं ठीक आहे. तो म्हणाला, तुझ्याशिवाय या देशात माझं काही झालं नसतं. आम्ही सोलापूरला परतलो. बोरिंगची गाडी दुसऱ्या गावात अडकली होती, आठ दिवस गेले. त्या आठवड्यात नवं पत्रक काढायचं होतं. मित्र म्हणाले, शेवट तू लिही, तुझा शेवट जोरात असतो. मी पेन घेऊन बसलो. एक ओळ लिहिली, खोडली. मला बरं नाही, म्हणालो. खरंच ताप आला होता. पत्रक शेवटाशिवाय निघालं.

गाडीचा निरोप आला तेव्हा वाटलं, आजारी पडावं. जीपचा टायर फुटावा. पीटरला कामावरनं परत बोलवावं. कुणीतरी काहीतरी करावं, म्हणजे मला काही करायला नको. टायर फुटला नाही.

सगळं गाव देवळामागं जमलं होतं. बोरिंगची गाडी घरघरत उभी. बुद्धवाड्यातली माणसं लांब, ओढ्याच्या उतारावर. कामावर न जाता आली होती. बोर कुणाच्या का दारात होईना, पाणी निघताना बघायला. आक्का त्यांत होती.

पीटर जीपमधनं उतरला. आजूबाजूला बघितलं. त्याच्या हाताखाली अशी चाळीसेक गावं, सगळ्या खुंट्या त्याच्या डोक्यात राहत नव्हत्या. तरी म्हणाला, "इथंच ना? मला बाभळ आठवते."

पाटील माझ्याकडं बघत होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, तरी साहेबानं काय विचारलं ते त्याला कळलं होतं.

मी म्हणालो, "इथंच."

हो. तेव्हाही मी तेच म्हणालो. ते लपवून पुढचं सांगितलं तर हे लिहिण्याला काही अर्थ नाही.

पीटर म्हणाला, मग खुंटी काढ, सुरू करू. खुंटी काढायचं काम माझंच असायचं. मी दोन पावलं पुढं गेलो. पाटील आडवा आला. हसला, साहेबाकडं बघून. आणि मला म्हणाला,

"तू न्हाय. पूजा झालीया तिची. दुसऱ्या कुणाला तरी सांग म्हणावं. तुजा हात लागला तर पाणी आटंल."

"काय म्हणतायत?" पीटरनं विचारलं.

मी तोंड उघडलं. गोड वाक्य तयार होतं, नेहमीसारखं जिभेवर आलं होतं. ते म्हणतात, हा दमला असेल, आमचा माणूस काढेल. पण ते बाहेर येईना. मला तो तांब्या दिसत होता. ओतलेलं पाणी दिसत होतं. खुंटी मी ठोकली होती. त्याच्या सांगण्यावरनं, याच हातांनी. तेव्हा पाणी आटलं नव्हतं.

धैर्य आलं असं म्हणणार नाही. फक्त ते वाक्य यायचं थांबलं, आणि ते थांबल्यावर करण्यासारखं दुसरं एकच उरलं.

मी पाटलाच्या बाजूनं वाकून गेलो आणि खुंटी धरली. दोन्ही हातांनी. हळदकुंकू बोटांना लागलं. मागं कुणीतरी ओरडलं. माझ्या मानेवर, पाठीवर आत्ता काहीतरी बसणार, असं वाटून कातडी आखडून आली. काही बसलं नाही. साहेब उभा होता म्हणून. खुंटी निघाली. मी ती घेऊन ओढ्याकडं चालायला लागलो. पावलं मोजायला लागलो आणि चुकलो, कुठल्या आकड्यावर ते आठवत नाही. बुद्धवाड्यातल्या माणसांनी वाट दिली. मी कड्यात पाय टाकला आणि खुंटी मधोमध उभी केली. हातोडा नव्हता. तिथलाच एक दगड उचलून ठोकली.

पीटर धावत आला. पाठोपाठ सगळं गाव. तो काही विचारायच्या आत मी म्हणालो, वही काढ. मोज.

त्यानं वही काढली. टेप काढली. बाभळीपासून मोजलं. पडक्या भिंतीच्या कोपऱ्यापासून मोजलं. दोन्ही आकडे दगडांच्या कड्यात येऊन मिळाले. त्यानं वही मिटली.

"खुंटी कुणी हलवली होती?"

"मी."

"का?"

"घाबरलो म्हणून."

मग मी त्याला सगळं सांगितलं. खळ्यातलं. आक्काचं. आणि त्याच्याही आधीचं, चावडीतलं पहिल्या दिवशीचं वाक्य, शब्दाला शब्द लावून. म्हाराचं पोर. पायरीपतुर. दारात बी उभं केलं नसतं. माझं इंग्रजी अडखळत होतं, कारण अशा वाक्यांची मला इंग्रजीत सवय नव्हती. मग गावाकडं वळून मी मराठीत सांगितलं की साहेबाला आता काय काय सांगितलंय. कुणी हसलं नाही.

"मला का सांगितलं नाहीस?" पीटर म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

मी म्हणालो, "मला चहा आवडतो."

त्याला कळायला जरा वेळ लागला.

शेवटी म्हणाला, "त्यांना सांग, आम्ही गावाच्या भांडणात पडत नाही. यंत्रानं ही जागा दाखवली. बोर इथंच होईल." मी तसंच सांगितलं. ना एक शब्द कमी, ना एक जास्त. मग तो मला म्हणाला, "उद्यापासून तू कामावर येऊ नकोस. माझी खूण हलवणाऱ्या माणसावर मी काम चालवू शकत नाही."

त्याचं बरोबर होतं. त्याचं सगळं बरोबर असायचं. त्याला कपबशी मिळत होती.

गाडी वळली. यंत्राचा आवाज सुरू झाला. पांढऱ्या धुळीत सगळे लोक भुतासारखे दिसत होते. पाटील परत जाताना माझ्याजवळनं गेला, अगदी जवळनं. हळूच बोलला.

"सायेब किती दिस हाय हितं? आन तू?"

दुपारी धुळीचा चिखल झाला, मग फेस आला, मग पाणी. बायका ओरडल्या नाहीत. बघत राहिल्या. पीटरनं जीप चालू केली आणि मला म्हणाला, बस, सोलापूरला सोडतो. मी बसलो नाही. त्या जीपमुळंच तर सगळं घडलं होतं. जीप जायची आणि आक्का मागं राहायची. जीप गेली. मी गेलो नाही.

आक्का माझ्यासमोर आली. वाटलं, पाठीवर हात ठेवेल. ती म्हणाली,

"पाटील परका हाय. त्यो खोटं बोलंल. मला तू खोटं सांगितलंस."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढते. बोलत नाही.

याला तीन दिवस झाले. दुष्काळी कामावर मुकादम सकाळी हजेरीपट वाचतो. नाव पुकारलं तर काम, नाही तर घरी. दुसऱ्याच सकाळी आक्काचं नाव पुकारलं नाही. दाजीचंही नाही. काल आणखी सहा घरांची नावं नाहीत. मुकादम पाटलाचा पुतण्या आहे.

पंप बसायला अजून आठ दिवस आहेत. तोवर पाइपाच्या तोंडाला लोखंडी झाकण आहे. झाकण काढून आत चार दगड टाकले की बोर संपला, असं गाडीच्या ड्रायव्हरनं जाताना सांगितलं. तो मोठ्यानं सांगत होता. सगळ्या गावानं ऐकलं. म्हणून आम्ही पाळीपाळीनं इथं बसतो. आता माझी पाळी आहे. कड्यावर बसून मांडीवर कागद घेऊन हे लिहितोय. कुणी वाटेनं आलं की हात थांबतो. मघाशी एक कुत्रं आलं तरी उठून उभा राहिलो.

माझ्या पत्रकातलं ते वाक्य मी आता खोडलंय. भिऊ नका, हे लिहिणारा सोलापुरात खोलीत बसला होता. ज्याचे गुडघे लटलटतायत त्यानं काय करायचं, ते त्या पत्रकात कुठंच नव्हतं.

उद्या सकाळी मी हजेरीला जाणार. मुकादमासमोर उभा राहणार. आक्काचं नाव का नाही, ते विचारणार. तिथं साहेब नसेल, जीप नसेल. घाबरलेलाच जाणार, कारण न घाबरायची वाट बघत बसलो तर हे झाकण कुणीतरी काढेल. मुकादम जे बोलेल ते याच कागदाच्या पाठीवर लिहून घेणार. त्याच्यासमोर, त्याच्याच शब्दांत. सही कर म्हणणार. करणार नाही तो. मग तो कागद तालुक्याच्या कचेरीत नेणार आणि मोठ्यानं वाचणार. तिथं ऐकलं नाही तर सोलापुरात, नवी पेठेत, भर बाजारात वाचणार.

एक शब्दही गोड करणार नाही.